काकाजींचा चष्मा

४ सप्टेंबर

अकरा! बारापैकी अकरा.

मागच्या आठवड्यात दहा होते, त्याआधी नऊ. मे महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा श्यामलाल काकाजींना खिडकी कोणत्या बाजूला आहे तेही सांगता येत नव्हतं. आज टेबलावर काळं कापड, त्यावर चार चौकोन, एका चौकोनात पांढरी बशी. बारा वेळा मी तिची जागा बदलली आणि अकरा वेळा त्यांचा हात नेमका बशीवर पडला. एकदाच चुकला. तेव्हा बाहेर कुत्री भांडत होती.

आकडा नागपूरला, प्रकल्पाच्या ऑफिसला पाठवला. चेहरा सरळ ठेवून घरी आले — आमचं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर. आई दारातच उभी. "किती?" मी सांगितलं. तेवढं तिला पुरतं. सकाळपर्यंत अर्ध्या कामठ्याला कळेल.

५ सप्टेंबर

कळलं. दुधाच्या दुकानात टेकचंदने पिशवी देतानाच विचारलं, "हर्षाबाई, अकरा आले म्हनते? बारावा कोनं खाल्ला?"

९ सप्टेंबर

शाळेत बोलावलं होतं. सातवी-आठवीची पोरं. यंत्र समजावून सांगा म्हणाले. फळ्यावर आकृती काढली.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या पडद्यात. काकाजींच्या त्या पेशी हळूहळू मेल्या. आधी रातांधळेपणा, मग बाजूचं दिसेनासं झालं, मग काहीच नाही. चौदा वर्षं झाली. पण त्या पेशींच्या मागची तार अजून जिवंत आहे. म्हणून पडद्याखाली तांदळाच्या दाण्याहून लहान चिप बसवली. चष्म्यावर, दोन भुवयांच्या मधोमध, कॅमेरा. कमरेला एक डबी. कॅमेरा पाहतो, डबी त्याचे ठिपके करते, चष्मा ते ठिपके चिपकडे पाठवतो. चष्मा काढला की चिप मुकी.

एका मुलीने विचारलं, "मंग त्याइले आपला चेहरा दिसते का?"

नाही म्हटलं. उजेड कुठे, अंधार कुठे, वस्तूची कड कुठे, एवढंच.

"एवढ्याचंच इतकं?" ती म्हणाली. मास्तर तिला दटावणार होते, मी थांबवलं. प्रश्न बरोबर होता. उत्तर काकाजींनी जूनमध्येच दिलं होतं, तेच सांगितलं: "चौदा वर्षं मले दिवस कोंबडा सांगे. आता माहा मले कळते."

१३ सप्टेंबर

पुन्हा अकरा. एक चुकला तेव्हा पुन्हा बाहेर कुत्री भांडत होती.

त्यांच्या घरची चाचणी म्हणजे अर्धी गंमतच. काकाजी खुर्चीवर ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. सुमित्राकाकी नेहमीप्रमाणे मागे ओसरीच्या उंबऱ्याशी सूप घेऊन. तांदूळ पाखडणं चालूच. नियमात घरच्या माणसांना खोलीत बसायची मुभा आहे. ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसांत चाचणी घ्या, असंच लिहिलं आहे.

"हर्षा, हे डबी मले रेडिओसारखी वाटते," काकाजी म्हणाले. "गाने कवा लागतीन?"

"गाने काऊन पाह्यजे?" काकी मागून. "बशी पाहा बशी. ध्यान द्या जी."

नंतर चहा घेताना काकी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "गावातल्या पोरी शिकल्या, नागपूरले गेल्या, पुन्याले गेल्या. तू मशीन घेऊन गावात आली." मी बशी पुसून ठेवली.

१७ सप्टेंबर

देशकर मॅडमचा मेल. त्या या प्रकल्पाच्या प्रमुख. चिप त्यांनीच बसवली, विदर्भात पाच जणांना. कामठा माझ्याकडे, बाकी चौघांकडे दुसरे इंजिनिअर.

समितीने रेषा आखली आहे. पाचही घरच्या आकड्यांची सरासरी काढली, ती नऊच्या थोडी वर आली. म्हणून नऊ. नोव्हेंबरमध्ये प्रत्येकाची नागपूरला चाचणी. नऊ किंवा जास्त आले तर चष्मा आणि डबी त्याच्याकडे कायम. कमी आले तर सामान परत, पुढच्या रुग्णासाठी. चिप डोळ्यातच राहील, पण बंद.

मेलच्या शेवटी: "कामठ्याचा आलेख सर्वात सुंदर आहे. २५ तारखेच्या बैठकीत तोच दाखवणार. चाचणीचा एक व्हिडिओ कापून पाठव." तीनदा वाचलं.

काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "नऊ? मंग आपल्याले दोन वरच आहेत."

२० सप्टेंबर

व्हिडिओ कापत होते. तेराचा. दोन मिनिटांचा तुकडा हवा होता, म्हणून संपादनाच्या पडद्यावर चित्राखाली आवाजाची पट्टी उघडली.

सुपाचा आवाज त्या पट्टीत अगदी नियमित दिसतो. उंचवटा, खाच, उंचवटा, खाच. काकाजींचा हात कापडावरून डावीकडून उजवीकडे सरकतो. मग पट्टी सपाट होते. मग हात खाली येतो. बशीवर.

पुढचा प्रयत्न. हात सरकतो, पट्टी सपाट, हात खाली.

बाराही पाहिले. अकरा वेळा सूप आधी थांबलं, मग हात उतरला. ज्या एका वेळी कुत्री भांडत होती, त्या वेळी पट्टी नुसती भुंकण्याने भरलेली आहे.

चार तारखेचा व्हिडिओ उघडला. तेच. ऑगस्टचे उघडले. तेच. आकडे जसे चढले तसं थांबणं स्पष्ट होत गेलं आहे.

माझा आलेख त्यांच्या दृष्टीचा नव्हता.

२१ सप्टेंबर

काकींना म्हटलं, आज आईकडे जाऊन बसा, तिने बोलावलंय. आईला आधीच सांगून ठेवलं होतं. मी काकाजींसमोर एकटी बसले, तेच कापड, तीच बशी.

तीन.

चार चौकोन, बारा प्रयत्न. डोळे मिटून हात टाकला तरी तीन येतात.

काकाजींनी आपला हात दोनदा झटकला, मुंग्या आल्यासारखा.

२२ सप्टेंबर

दोघांना एकत्र बसवून सांगितलं. आवाजाची पट्टी काकींना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"चौदा वर्षं झाली बाई," त्या म्हणाल्या. "हे घरात चालले, खांब आला का माहा हात आपोआप थांबते. पायरी आली का थांबते. मी थांबलो का हे थांबतेत. सुरुवातीले मलेच मालूम नोहतं मी बशीपाशी थांबून राहिलो म्हनून."

"सुरुवातीला," मी म्हटलं.

मग काकाजीच बोलले. "मंग मालूम झालं. मलेही झालं."

"कधी?"

"नऊ आले तवा."

मी विचारलं, का. आवाज चढवला नाही.

काकी म्हणाल्या, "तू आकडा घेऊन घरी जाये, तुही आई अख्ख्या आळीत सांगे. माह्या पोरीच्या मशीनीनं श्यामलालले दिसते. पोरगी गावाची. कमी आले असते तर नागपूरवाले का म्हनले असते तुले? हात तर नुसता थांबवाचा होता."

चष्म्यासाठी नाही. माझ्यासाठी. त्यांच्या घरात माझी लाज राखायचं काम चाललं होतं, आणि मी समोर बसून आकडे लिहीत होते.

मी उठले. उंबऱ्याशी काकाजी म्हणाले, "रागावली का वो?" मी नाही म्हटलं. खरं होतं ते. राग नव्हता, पण जे होतं त्याला नावही सापडलं नाही.

२३ सप्टेंबर

देशकर मॅडमना सगळं लिहिलं. व्हिडिओ, पट्ट्या, तीनचा आकडा. कामठ्याचे जुने आकडे रद्द समजावेत. बैठकीत आलेख दाखवू नये.

उत्तर संध्याकाळी. दोन ओळी. "कळवलंस हे योग्य केलंस. नोव्हेंबरची चाचणी ठरल्याप्रमाणे, रेषा नऊ." 'सर्वात सुंदर' वगैरे काही नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. थोडी केली होती.

२९ सप्टेंबर

काकाजींनी चष्मा काढून ठेवला आहे. आज चौथा दिवस. मी गेले की खाटेवर कूस बदलतात. "बशी पाहून म्या का जेवाचं आहे का?" म्हणाले.

काकी सूप घेऊन अंगणात बसतात आता. आत येत नाहीत.

२ ऑक्टोबर

दसरा. काकाजी सोनं द्यायला स्वतः आमच्या घरी आले, भिंतीला हात लावत, चष्म्याशिवाय. आईला पानं दिली, मला दिली.

"तीन खरे होते ना?" त्यांनी विचारलं.

"खरे होते."

"मंग चार खरे करता येतीन का?"

मी म्हटलं, माहीत नाही. प्रयत्न करता येईल.

"तू अशी नाई म्हनली ना का येतीन, हे बरं केलं." पानं माझ्या हातात दाबून गेले.

५ ऑक्टोबर

कारण सापडलं! तीन दिवस सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले, या वेळी आवाज बंद करून.

काकाजींची मान हलत नाही. एकदाही नाही. कॅमेरा भुवयांच्या मधोमध आहे, म्हणजे जिकडे कपाळ तिकडे नजर. चिप लहान, एका वेळी दिसणारा तुकडा लहान. सगळं टिपायचं तर डोकं फिरवावं लागतं, विजेरीचा झोत अंधारात फिरवतात तसं. पण चौदा वर्षं ते कानाने पाहत आले. कान पुढे करून मान स्थिर धरतात. कॅमेरा भिंतीकडे बघतो, कान बशीकडे.

म्हणजे यंत्र नापास झालेलं नाही. ते अजून वापरलंच गेलेलं नाही.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हनजे नंदीबैलावानी मान हालवू?"

म्हटलं, नंदी हो म्हणतो. तुम्ही नाही म्हणायचं. डावीकडून उजवीकडे, सावकाश, दिवसभर.

"दिवसभर नाई म्हनाचं! मंग तुह्या काकीपाशीच शिकलो असतो. ते दुसरं का करते?"

अंगणातून काकी: "ऐकून राहिलो मी."

७ ऑक्टोबर

मान हलवतात, दोन मिनिटं. मग कुठे भांडं वाजलं, कोणी खाकरलं की कान पुढे, मान थांबली. सवय चौदा वर्षांची आहे. सांगून जाणार नाही.

कान बंद करून पाहिले. बोळे, वर हेडफोन. तरी जमिनीचा हादरा, माणसाची चाहूल ओळखतात. शांततेत त्यांना जास्तच ऐकू येतं!

त्यांना शांतता नको आहे. गोंगाट हवा आहे. इतका, की त्यात एकही आवाज वेगळा निघू नये.

८ ऑक्टोबर

गोंदियाच्या वाटेवर मुन्नालाल शेठची राईस मिल आहे. लहानपणापासून तिचा आवाज ऐकतेय, आत कधी गेले नव्हते. आज गेले. यंत्रं चालू असताना मोबाईलवर आवाज मोजला. चौऱ्याण्णव डेसिबल.

शेठला बाहेर बोलावून समजावलं. ते हसत सुटले. "मॅडम, यहाँ आके आदमी बहरा होता है. आप यहाँ अंधे का इलाज करोगी?"

म्हटलं, हो, बहिरं होण्याचीच गरज आहे. वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, कानात कापूस.

"करो भई. श्यामलालजी का धान कितने साल यहीं कुटा है. मगर भूसे से बचना."

१० ऑक्टोबर

मिल, पहिला दिवस. काळी ताडपत्री, बशी. बोलणं शक्य नाही, म्हणून खांद्यावर एक थाप म्हणजे सुरू, दोन म्हणजे थांबा. कान गेले म्हणजे काकाजींचं सगळंच गेलं. पाच मिनिटांत उठून उभे राहिले. मी दंड धरून बाहेर आणलं.

"मले वाटलं मेलो," म्हणाले. मग पाणी प्यायले. मग म्हणाले, "चल."

दोन.

१३ ऑक्टोबर

तीन. भुशाची धूळ कॅमेऱ्यावर बसते. दर पाच मिनिटांनी पुसायची.

१६ ऑक्टोबर

पुन्हा मिल.

बशीचं झालं होतं, चार आले होते. काकाजी मान फिरवत होते, नुसतेच, मी सांगितलं नसताना. शेड काळोखी, वर एकच मोठा दिवा, आणि त्या दिव्याखाली नळीतून पोत्यात तांदळाची धार पडते. त्यांची मान तिच्यावरून गेली. पुढे गेली. थांबली. परत आली.

उठले. मी थाप दिली नव्हती. आठ-दहा पावलं गेले, मधे मान हलतेच आहे, आणि धारेत हात घातला. सरळ. दाणे त्यांच्या मनगटावरून उडत होते.

हमाल पोतं धरून तसाच उभा. मुन्नालाल शेठने इशारा करून मशीन थांबवलं. एकदम शांत झालं.

काकाजी म्हणाले, "पांढरं पडून राहिलं होतं. वरून खाली."

कोणी सांगितलं नव्हतं. सूप नव्हतं, काकी नव्हत्या, मी मागे होते. मी माझी नोंद केली: वेळ, अंतर, प्रकाश. मग बाहेर जाऊन कॅमेरा पुसायच्या फडक्याने डोळे पुसले. फडक्यात भुसा होता. चांगलेच चुरचुरले.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. मिल बंद. काकाजी ओसरीत बसून पणत्या मोजत होते. एक सुटली, बाकी बरोबर.

२६ ऑक्टोबर

कामठ्याची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. पाहुणे, लेकी-जावई, भोंगे, दंडारीच्या खेळाचे ढोल. काकाजी चष्मा लावून, कमरेला डबी, काकींच्या पुढे एक पाऊल. माणसं वळून वळून बघत होती.

त्यांचे जुने दोस्त ईश्वरदास आडवे आले. "का गा श्यामलाल, सिनेमात लागला का? गॉगल तर हिरोचा आहे."

"लागलो ना. व्हिलन भेटत नोहता, तू आला."

ढोलांचा एवढा गदारोळ, पण त्यांची मान चालूच होती. डावीकडून उजवीकडे. अंधार पडायला लागला तसे एका जागी थांबले, मान वर. "हे का वर-खाली जाऊन राहिलं?"

आकाशपाळणा. नवे दिवे लावलेला. काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी काही बोलले नाही."

"मीही नाई बोललो," काकी म्हणाल्या. आणि त्यांनी तिथेच, त्या गर्दीत, पदर तोंडाला लावला.

५ नोव्हेंबर

घरी, खोलीत कोणी नसताना: सात. मिलमध्ये सात. दोन्हीकडे सारखे. म्हणजे आता ते कानावर नाहीत. हा आलेख बुटका आहे, पण प्रत्येक ठिपका खरा आहे. हा भिंतीवर लावावासा वाटतो. लावणार नाही.

१३ नोव्हेंबर

नागपूर. पाचांपैकी पहिलं ऑपरेशन काकाजींचं, म्हणून चाचणीतही पहिला नंबर त्यांचा. बाकी चौघांची पुढच्या दोन आठवड्यांत.

खोली बंद. नातेवाईक बाहेर, मीही बाहेर. काचेतून पाहत होते. काकी बाकावर, रिकामे हात मांडीत दाबून.

आठ.

दहाव्या प्रयत्नात हात बशीच्या वर होता. मान एकदा जास्त फिरवली, खात्री करायला. वेळ संपली.

देशकर मॅडम बाहेर आल्या. "आठ चांगले आहेत, हर्षा. मान इतकी वापरणारा माणूस मी अजून पाहिला नाही. पण रेषा नऊ आहे."

म्हटलं, ती रेषा आखताना माझे चुकीचे आकडे धरले होते.

"कामठा वगळून पुन्हा काढली. नऊच येते. बाकी चौघांचे आकडे चांगले आहेत."

"त्यांच्या चाचणीच्या वेळी खोलीत कोण असतं?"

मॅडमनी आपल्या चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्याकडे काही पुरावा आहे का?"

नव्हता. पुराव्याशिवाय मी बोलत नाही.

चष्मा ५ डिसेंबरपर्यंत जमा. जमा मीच करायचा. माझं काम आहे ते.

परतीच्या गाडीत काकाजी फुटाणे खात होते. मी आकडा सांगितला, रेषा सांगितली, तारीख सांगितली. सगळं सरळ. ते थोडा वेळ चावत राहिले.

"बारातले आठ. पिकावानी पैसेवारी काढली तर पन्नासच्या वर आहे. सरकार याले दुष्काळ नाई म्हनत."

काकींना हसू आलं आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. मग तिघंही हसलो.

तीनपासून आठ. हे नागपूरने दिलेले नाहीत. आमचे आहेत. चष्मा गेला तरी ते नोंदीत राहतील, खाली माझी सही आहे.

१८ नोव्हेंबर

धानकापणी. काकाजी रोज चष्मा लावून बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानशेताच्या बांधावर, जातात. मी विचारलं, काय बघता? "कापलेलं आन् उभं. कड दिसते दोघाइच्या मधातली. रोज सरकून राहिली." कड! यंत्राच्या कंपनीने माहितीपत्रकात जे एका परिच्छेदात लिहिलंय ते त्यांनी एका शब्दात सांगितलं. लिहून घेतलं.

२४ नोव्हेंबर

काकींनी अडवलं. "एक खरं सांग. तू नागपूरले आवाजाचं सांगितलं नसतं, तर?"

मी विचार करून उत्तर दिलं. तर आम्ही मिलवर गेलो नसतो. घरी अकराच येत राहिले असते. आणि तेराला त्या बंद खोलीत, तुम्ही बाहेर असताना, तीन आले असते.

त्या हिशेब करत राहिल्या. "तीनपेक्षा आठ बरे."

"बरे."

"तरी नेशील?"

"नेईन."

"हाव," त्या म्हणाल्या. "तू नेशीलच." हे रागाने म्हटलं की कसं, ते कळलं नाही. पण जाताना हातात अर्धा डबा चिवडा दिला.

२९ नोव्हेंबर

चष्म्याची पेटी आणून ठेवली आहे. आईने ती कपाटामागे लपवली. मी काढून परत टेबलावर ठेवली.

१ डिसेंबर

सकाळी देशकर मॅडमचा फोन. बाकी चौघांची नागपूरची चाचणी संपली. बंद खोलीत, घरचं माणूस बाहेर. चार, दोन, तीन, दोन. चौघांच्याही घरी खोलीत कोणीतरी बसलेलं असायचं. नऊची रेषा रद्द. काकाजींचा चष्मा काकाजींकडेच. चौघांना मान फिरवायला शिकवायचं, आणि ते मी शिकवायचं.

सांगायला निघाले. वाटेत मळणी यंत्र चालू होतं, माझी पावलं मलाच ऐकू येत नव्हती. काकाजी समोरून एकटे येत होते. चार हातांवर थांबले, मान एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि ओरडून विचारलं, "कोन उभा आहे गा?"

मी आहे हे त्यांना कळलं नाही. कोणीतरी उभं आहे, एवढं दिसलं.